चिंचेखालची बाई

सिनेमा यूट्यूबवर टाकला त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीला एक खोड जडली होती. सकाळी डोळे उघडले की तोंड धुवायच्या आधी मोबाईल हातात घ्यायचा आणि सिनेमाखालच्या कॉमेंट्स वाचायच्या. वाईट लिहिलेल्या असल्या, तरी वाचायच्याच.

लातूरला गोलाईच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारं एक दुकान आहे, तिथं ती कामाला होती. दिवसभर लोकांच्या हळदी आणि वराती कापायच्या, जोडायच्या, वर गाणी चढवायची. उरलेल्या वेळात, मालकाच्याच कॉम्प्युटरवर, तिनं स्वतःचा सिनेमा जोडला होता. नाव होतं 'भुताचं नाव मारोती'. रेणापूरकडच्या शिवारात एक भूत राहतं. जिवंतपणी त्याचं नाव मारोती होतं. आता मारोतीचं नाव घेतलं की भुतं पळतात, त्यामुळं बिचाऱ्याला कोणी नावानं हाक मारली की ते स्वतःच बांधापलीकडं उडून पडतं. त्याची दोस्ती होते दगडोबाशी, म्हणजे शेतातली मोटार राखणाऱ्या एका एकट्या माणसाशी. दगडोबाला त्याच्याशिवाय करमत नाही, म्हणून तो सिनेमाभर शिवारात हाका मारत हिंडतो, "ए मारोतीऽ", आणि दर हाकेला भूत उडतं. भूत झाला होता शिवशंकर, ज्ञानेश्वरीचा कॉलेजातला दोस्त. त्याचं रेणापूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. एक धोतर आणि पावडरचा डबा, एवढाच भुताचा खर्च.

लोकांनी मतं मांडली ती अशी. "माईक काय उसात पुरला होता का?" "भुताला पावडर कमी पडली, कोपरं काळी दिसून राहिली." "देवाचं नाव भुताला देता, तुमच्या घरात मोठं माणूस न्हाई का कोणी?" आणि एकानं लिहिलं होतं, "हसून हसून पोट दुखलं. पण भुताला चहा पिता येत न्हाई तिथं रडू आलं. आमचा दोस्त गेला मागच्या साली." ही शेवटची ज्ञानेश्वरीनं पुन्हा पुन्हा वाचली होती. तेवढ्यावर तिचा सगळा शीण गेला होता.

मग दुसऱ्या आठवड्यात एकानं लिहिलं, "दुसरं भूत कोणाकोणाला दिसलं? चिंचेच्या सीनला दगडोबाच्या मागं बघा."

त्याखाली रांग लागली. "बघितलं. अंगावर काटा आला." "विहिरीच्या सीनला बी हाय." "बाईची पापणी लवत न्हाई राव." "मानलं डायरेक्टरबाईला. विनोदाच्या आड खरं भूत लपवलं."

ज्ञानेश्वरीनं सिनेमात दुसरं भूत ठेवलंच नव्हतं.

दुपारची वेळ होती. मालक जेवायला घरी गेला होता, उन्हामुळं शटर अर्धं ओढलेलं होतं. तिनं मूळ फाईल उघडली आणि चिंचेचा सीन लावला. दगडोबा तोंडाशी हात धरून हाक मारतो, तो सीन. मागं बुंध्याला काहीतरी फिकट होतं, जे तिला नेहमी उन्हाचा कवडसा वाटत आलं होतं. तिनं चित्र मोठं केलं. ती बाई होती. विटलेलं लुगडं, पदर खांद्यावरून गळालेला, पांढरे केस सुटलेले. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. बघत होती ती बाजूच्या झुडपाकडं, जिथं पावडर फासलेला शिवशंकर आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.

विहिरीचा सीन लावला. मोटारीच्या खोलीच्या कोपऱ्यावर तीच बाई. हे शिवार वेगळं होतं, दिवसही वेगळा. तिसऱ्या ठिकाणी ती बांधावर होती, बरीच जवळ, आणि तिचे ओठ हलत होते. ज्ञानेश्वरीनं वेग कमी केला. पडद्यावरच्या दगडोबाच्या तोंडून "मारोती" निघताना बाईचे ओठही तसेच मिटत होते, तसेच उघडत होते.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, तो आवाज तिला फार लांबून आल्यासारखा वाटला. हे सीन तिनं शेकडो वेळा बघितले होते. रंग नीट केले, आवाज बसवला. इतक्या वेळा बघून एक उभी बाई आपल्याला दिसू नये, हे तिला कळेना. आणि आता ती दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

तिनं शिवशंकरला फोन लावला.

"शिवा, शूटिंगला एखादी म्हातारी येत होती का रे?"

"बघायला तर रोज लोक यायचे. कामून?"

"एकटी. विटक्या लुगड्यातली."

तिकडून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे तू बी वाचलं."

"तुला आठवतीय का ती?"

"मी तिला बघितलीच न्हाई. पण एक सांगतो, कोणाला बोलू नको. चिंचेच्या दिवशी मी झुडपामागं बसलो होतो, तुझ्या खुणेची वाट बघत. मागून कोणीतरी डोक्यावरून हात फिरवला. गार हात होता. मला वाटलं पावडर लावायला तू आली. वळून बघतो तर कोणी न्हाई. उसाचं पान लागलं असंल म्हणून सोडून दिलं. आता हे बगून मला घास गिळंना झालाय, ज्ञाने. उद्या माहूरला चाललो. देवीला नारळ फोडून येतो. तू बी चल."

ती गेली नाही. पण त्या दिवसापासून तिला पाठ उघडी ठेवून बसवेना. घरी ती भिंतीला टेकून जेवायची. दुकानात लोकांच्या लग्नांच्या फिती कापताना तिची नजर नवरा-नवरीवरून सुटून मागच्या गर्दीत जायची. पंगतीच्या मागं कोणी नुसतं उभं आहे का, हलत नाही का, ते ती बघायची. सिनेमा मात्र उधळला होता. लोक त्या बाईभोवती लाल गोल काढून तुकडे पसरवत होते. ओळखीचे लोक फोन करून शाबासकी देत होते. जितकी तारीफ व्हायची, तितकी ती फोन लवकर ठेवायची. आपण असं काही केलेलंच नाही, हे तिनं कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मग ते कोणी केलं, हा प्रश्न उरला असता.

अशात, पसरलेल्या अशाच एका तुकड्याखाली एक कॉमेंट आली. "या सिनेमाचं शूटिंग कुठं आणि कधी झालं? मागे उभी असलेली बाई माझी आई आहे. कृपा करून फोन करा." खाली नंबर होता. लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. "ताई, मग तुम्ही भुताची पोरगी का?" असंही एकानं विचारलं.

ज्ञानेश्वरीला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. तरी तिनं नंबर लावला.

बाईचा आवाज साधा, कामातल्या माणसाचा होता. नाव प्रियदर्शनी. नांदेडला एका खासगी दवाखान्यात नर्स होती, माहेर मुदखेडचं.

"शूटिंग कधीचं आहे?" तिनं पहिलाच प्रश्न केला.

"मागच्या हिवाळ्यातलं. संक्रांतीच्या आसपास, रेणापूरला."

"नक्की? आधीचं नाही ना?"

"नक्की. का हो?"

"कारण आईला आम्ही त्याच्या आधीच्या पावसाळ्यात अग्नी दिलाय," प्रियदर्शनी म्हणाली. "मी उद्या येते लातूरला."

ती एकटीच आली. चाळिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर ज्ञानेश्वरीनं तिला तिन्ही तुकडे दाखवले. प्रत्येक तुकडा संपला की ती "परत लावा" एवढंच म्हणायची. बांधावरचा तुकडा लागला तेव्हा तिनं बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिता परत लावलं.

"हा माणूस कोणाला हाक मारतो?" तिनं विचारलं. दवाखान्यातल्या रिसेप्शनवर पोरी हसत बसल्या होत्या, तिथं तिनं हा तुकडा बिनआवाजाचा बघितला होता.

"भुताला. मारोती नाव आहे त्याचं."

प्रियदर्शनीनं मान खाली घातली. "माझ्या भावाचं नाव मारोती. आजोबांचं ठेवलेलं. जाऊन लई वर्षं झाली. आईच्या डोक्यात पुढं पुढं काही राहीना. माझं नाव विसरली, घर विसरली. पण कोणी मारोती म्हटलं की उठून दाराशी जायची. एक दिवस अशीच गेली. मुदखेडला तीन बाजूंना रेल्वे जाती, कोणत्या गाडीत बसली कोणाला ठाऊक."

मग तिनं पुढचं सांगितलं. शोधून शोधून सगळे थकले. पोलिसांनी बोलावलं. गोदावरीच्या काठाला एक बाई सापडली होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, लुगडं आईच्या लुगड्यासारखं होतं. प्रियदर्शनी हो म्हणाली. त्रिसरण, पंचशील झालं, अग्नी दिला, पुण्यानुमोदनाला गाव जेवलं.

"आम्ही बौद्ध माणसं, ताई. भूतबीत आमच्या घरात कोणी मानत नाही. पण हे बघितल्यापासून मला मागच्या खोलीत जाववत नाही. भुताची भीती नाही वाटत. ही भूतच असावी, असं मनात येतं, त्याची भीती वाटती." तिनं स्क्रीनकडं बघितलं. "जिवंत असली तर आम्ही जेवत होतो तेव्हा ती कुठंतरी उपाशी हिंडत होती. आणि मग आम्ही जाळलं कोणाला?"

ज्ञानेश्वरीनं स्क्रीन बंद केली. इतके दिवस जी भीती तिच्या पाठीमागं उभी होती, ती आता समोर खुर्चीवर येऊन बसली होती.

त्याच दुपारी दोघी रेणापूरला गेल्या. शिवशंकर स्टँडवर उभा होता. माहूरहून आणलेला दोरा त्याच्या मनगटाला होता. त्यानं प्रियदर्शनीला नमस्कार केला आणि तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिला. तिच्यात त्या बाईचा चेहरा दिसतो का, हे तो शोधत होता. मग ओशाळून त्यानं मान फिरवली.

शूटिंगच्या दिवसांत सगळ्यांच्या भाकरी पंचफुलाबाईनं थापल्या होत्या. तिघं तिच्याकडं गेले. ज्ञानेश्वरीनं मोबाईलवर चित्र दाखवलं. पंचफुलाबाईनं डोळे बारीक केले.

"ही व्हय? ही तर मारोतीची माय. आमी तिला तेच म्हनतो, दुसरं नाव तिला सांगता येईना. तुमी हाका मारायचे आन ही पळत यायची. मी रोज भाकर द्यायचे की तिला, तुमच्यातलीच. एकदा ह्या शिवशंकरच्या डोक्यावरनं हात फिरवाय लागली, तवा मीच तिला वढून नेली. म्हनलं, पोरांचं काम चाललंय."

शिवशंकर ओट्यावर बसला. त्यानं हात आपोआप डोक्याकडं नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

"आता कुठं हाय?" प्रियदर्शनीनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

पंचफुलाबाईनं मोबाईल परत दिला. "होळीपासून मला तर न्हाई दिसली, बाई. थंडीत लई खोकत होती. आप्पासाहेबाच्या विहिरीकडं विचारा. तिकडं जायची ती."

आप्पासाहेबांचं शेत म्हणजे जिथं विहिरीचा सीन झाला तेच. रस्ता उन्हानं फुफाटला होता. आप्पासाहेब बांधावर भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोक्यावरचा रुमाल सोडून परत बांधला.

"हाय की. मोटारीच्या खोलीत ऱ्हाती. आमच्या मंडळी डबा ठिवून येतात. मी लेकीकडं उदगीरला गेलतो, सकाळीच आलो." ते थांबले. "कालचा डबा तसाच हाय म्हनं. हाक मारली तर ओ दिली न्हाई. आत जायला बायकामाणसं भेली."

मोटारीची खोली बिनगिलाव्याच्या विटांची होती. दार पत्र्याचं, आतून नुसतं लोटलेलं. पायरीवर स्टीलचा डबा, त्यावर मुंग्या. उन्हात सगळं इतकं लख्ख होतं, की दाराच्या फटीतला काळोख जास्तच काळा दिसत होता. आप्पासाहेब मागं राहिले. शिवशंकरही थबकला. ज्ञानेश्वरीला वाटलं, आता पळावं. हा सगळा सिनेमा पुसून टाकावा, म्हणजे हे दार उघडावं लागणार नाही. तिनं प्रियदर्शनीचा दंड धरला.

"मी इतकी मयतं बघितलीत," प्रियदर्शनी स्वतःशीच म्हणाली, "एक दार उघडवंना."

मग तिनं पत्रा ढकलला.

आत तेलाचा, ओल्या मातीचा आणि आजारपणाचा वास होता. आधी काही दिसलं नाही. मग श्वास ऐकू आला, घरघरता, तुटक. कोपऱ्यात मोटारीच्या मागं पोत्यावर कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन पडलं होतं. दारातला उजेड अंगावर पडला तशी ती बाई भिंतीकडं सरकली आणि तिनं तोंडावर पदर ओढला.

"मला नेऊ नगंस," ती म्हणाली.

"आई," प्रियदर्शनी म्हणाली. "आई, मी पिया."

"पिया साळंत हाय." पदराआडचा आवाज भेदरलेला होता. "तू कोन हायस? मारोती येईपत्तूर मी येत न्हाई."

प्रियदर्शनी एक पाऊल पुढं गेली तशी म्हातारी ओरडायला लागली. फार मोठ्यानं नाही, अंगात तेवढं बळ नव्हतं. पण ते ऐकून बाहेर शिवशंकरनं कान झाकले. ज्ञानेश्वरीला तेव्हा कळलं, की या खोलीत सगळ्यात जास्त घाबरलेलं माणूस कोपऱ्यात होतं. त्याच्या लेखी उजेडातून आत आलेल्या या दोघीच भुतं होत्या.

प्रियदर्शनी उंबऱ्यावर बसली. थोडा वेळ तिनं आईकडं बघितलंच नाही, बाहेरच्या विहिरीकडं बघत राहिली. ज्ञानेश्वरीला तिचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावरचं लेकीचं काहीतरी हळूहळू आत गेलं आणि तिथं दवाखान्यातली बाई आली.

"आजी, मी नर्स हाय," ती मोकळ्या आवाजात म्हणाली. "सरकारी. घरोघर ताप बघत हिंडून राहिले. हात द्या जरा."

पदर किंचित सरकला. "सुई टोचती का?"

"न्हाई टोचत. गोळी देते गोड."

बऱ्याच वेळानं अंधारातून एक हात पुढं आला. प्रियदर्शनीनं तो धरला, मनगटावर बोटं ठेवली आणि नाडी मोजून झाल्यावरही सोडला नाही.

प्रियदर्शनीच्या आईला, नागुबाईला, लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं, पण वाचली. बरं वाटल्यावर प्रियदर्शनीनं तिला मुदखेडला नेलं. ज्ञानेश्वरी सोबत गेली होती. जीप गल्लीत शिरली तेव्हा लोक दारात उभे होते, पण पुढं कोणी आलं नाही. पुण्यानुमोदनाला जेवलेली माणसं ती. एका पोरीनं म्हातारीला बघून आईच्या मागं तोंड लपवलं. भूत मानत नाही असं म्हणणाऱ्या एका मास्तरांनी लांबूनच विचारलं, "जेवण जातं का हिला?" घरात भिंतीवर नागुबाईचा हार घातलेला फोटो होता. तो काढायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नागुबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोनाची म्हातारी गेली गं, नर्सबाई?" प्रियदर्शनीनं फोटो उतरवला आणि कपाटावर पालथा ठेवला. आई तिला पुढंही नर्सबाईच म्हणत राहिली.

लातूरला परतल्यावर ज्ञानेश्वरीनं ठरवलं, ते तिन्ही तुकडे कापून टाकायचे. एखाद्याची आजारी आई लोकांनी लाल गोल काढून बघावी, हे तिला सहन होईना. तिनं विचारायला फोन केला.

"काढू नका," प्रियदर्शनी म्हणाली. "मला दुसरं काम आहे तुमच्याकडं." मग ती थांबत थांबत बोलली. गोदावरीच्या काठावर सापडलेल्या बाईच्या मनगटावर गोंदण होतं. आईच्या हातावर गोंदण नव्हतं. "मी तेव्हाच बघितलं होतं, ताई. डाग असेल म्हणून मनाला समजावलं. मला घरी जायचं होतं. पोलिसांना परवा जाऊन सगळं सांगून आले. ते त्यांचं करतील. पण तिचं कोणीतरी तिला अजून शोधत असेल. तुमच्या सिनेमाखाली लिहा. तिथं लई लोक येतात."

ज्ञानेश्वरीनं लिहिलं. बाई साधारण साठीची, नांदेडजवळ नदीकाठी सापडलेली, मनगटावर गोंदण, कोणाची असेल तर कळवा. तिनं ते सगळ्या कॉमेंट्सच्या वर पक्कं बसवलं. खाली लोक आपापलं लिहीत राहिले. "पब्लिसिटी भारी करता." "पार्ट टू कधी?" "भूत लई गोड हाय." ती सगळं वाचायची. सिनेमा चांगला की वाईट, याचं आता तिला काही वाटत नव्हतं. दर नव्या ओळीत मात्र ती आधी नंबर आहे का ते बघायची.

एका सकाळी माहूरकडच्या कोणा वीरण्णाची ओळ आली. "गोंदण कसलं होतं? फुलाचं का नावाचं? आमची काकू घरातून गेलीय, लई दिवस झाले." खाली नंबर होता.

ज्ञानेश्वरीनं प्रियदर्शनीला फोन करून ती ओळ वाचून दाखवली. गोंदणात काय होतं, ते प्रियदर्शनीनं पोलिसांना सांगितलं होतं आणि ज्ञानेश्वरीलाही.

"सांगू का त्यांना?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली. मागं नागुबाई कोणाशी तरी बोलत असल्याचा आवाज येत होता. "आपण आधी काही सांगायचं नाही. काकूच्या हातावर काय होतं, ते त्यांनाच विचारा. थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

ज्ञानेश्वरीनं दुकानाच्या पायरीवर बसून नंबर लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली. कोणी उचलू नये असं तिला वाटत होतं, आणि तिनं फोन कानाशी घट्ट धरून ठेवला होता. मग एका बाईचा आवाज आला.

"हालो? कोण बोलून राहिलं?"